दिव्याखालची माणसं

आमच्या बैठकीच्या खोलीत सध्या चौदा दिवे आहेत. मी मोजले. पूर्वी एक होता, आणि तो मोजावा लागत नसे. गेल्या वर्षी चिरंजीवांच्या आग्रहावरून घराला नवा साज चढला, छताखाली आणखी एक छत आलं, आणि त्या खोट्या छताला पाडलेल्या चौदा भोकांतून चौदा दिवे आमच्याकडे डोकावू लागले. काम करणारा इलेक्ट्रिशियन मोठा अदबीचा मुलगा. शिडीवरूनच त्याने मला विचारलं, "काका, वॉर्म टाकू की कूल?"

मला वाटलं, चहाचं विचारतोय. मी म्हटलं, "गरमच बरा."

त्याप्रमाणे पिवळसर दिवे लागले. मग त्याने माझ्या हातात एक रिमोट ठेवला आणि सांगितलं, "हा मूड लाइट आहे काका. मूडप्रमाणे उजेड बदलतो."

आमच्या लहानपणी घरात मूड फक्त अण्णांना होता आणि उजेड पंचवीस वॉटचा होता. अण्णांच्या मूडप्रमाणे उजेड कधी बदलला नाही. त्या उजेडात दिसणारी आमची तोंडं मात्र बदलत.

पहिल्याच संध्याकाळी मी हौसेने चौदाच्या चौदा दिवे लावले आणि सोफ्यावर जाऊन बसलो. सौ. स्वयंपाकघरात होती, तिथे तिचे वेगळे सहा दिवे. चिरंजीव त्यांच्या खोलीत, सूनबाई दुसऱ्या खोलीत ऑफिसच्या मीटिंगमध्ये. सराफाच्या दुकानातल्या काचेच्या पेटीत एखादी नथ ठेवावी तसा मी त्या झगझगाटात एकटाच बसलो होतो. फरक एवढाच, की नथीला निदान गिऱ्हाईक तरी येतं.

आणि बसल्या बसल्या मला वाटलं, घरातले दिवे वाढत गेले तशी दिव्याभोवतीची माणसं कमी होत गेली की काय? निवृत्त माणसाला असा प्रश्न पडला की तो धोकादायक असतो. कारण त्याच्याकडे वेळ असतो. मी इतिहासात शिरलो.

हा इतिहास माझ्यापुरता राजापूर तालुक्यातल्या आजोळासारख्याच आमच्या मूळ घरापासून सुरू होतो. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही तिथे जात असू. साल एकोणीसशे साठच्या आसपासचं. वीज गावात यायची होती. ती यायची आहे असं मात्र सगळे फार वर्षं सांगत होते. घरात देवापुढे समई आणि माणसांपुढे कंदील अशी वाटणी होती. समईत गोडं तेल. देवापुढे घासलेट चालत नसे. आजीच्या सासरपणाच्या आरंभी माणसांनाही तेलाचाच दिवा होता. उंडीचं नाहीतर करंजाचं कडू तेल, मातीची नाहीतर पितळेची दिवली, आणि ती ठेवायला भिंतीत कोनाडा. एका वातीचा उजेड धड एका मेणबत्तीएवढाही नसे. त्या उजेडात एवढंच कळे की समोर कोणीतरी आहे. कोण आहे ते खोकण्यावरून ओळखायचं.

दिवेलागणीला आजी समई लावी, आम्ही शुभंकरोती म्हणत असू, आणि मग दिव्याला नमस्कार झाल्यावर मोठ्या माणसांना नमस्कार. मला आता वाटतं, यात भक्तीइतकंच व्यवहारज्ञानही होतं. दिवसभर भांडलेली माणसं दिवा लागल्याबरोबर एकमेकांच्या पाया पडत. ज्याच्या पाया पडलो त्याच्याशी लगेच पुन्हा भांडण सुरू करणं जड जातं. निदान जेवणं होईपर्यंत तरी थांबावं लागतं. दिवा विझवतानाही 'विझव' म्हणायचं नाही, 'मालव' म्हणायचं, 'शांत कर' म्हणायचं. आषाढातल्या अमावास्येला घरातले सगळे दिवे घासूनपुसून पाटावर मांडायचे आणि त्यांची पूजा करायची. एवढा मान घरात दुसरा फक्त जावयाला होता.

जेवणं झाली की माजघरात कंदील मध्ये आणि माणसं भोवती. ही रचना कोणी ठरवलेली नव्हती, ती उजेडाने ठरवली होती. कंदिलाला अगदी लागून आजोबा आणि त्यांची पोथी. त्यांच्या शेजारी वाती वळणारी आजी. मग आम्ही पोरं. पोरांच्या मागे काका, सुपारी कातरत. आणि सगळ्यांत मागे, माजघराच्या दाराशी, धड उजेडात नाही नि धड अंधारात नाही अशी काकू उभी. सासऱ्यांसमोर सुनेने उजेडात येऊन बसायचं नाही. त्यामुळे काकूचा चेहरा लहानपणी रात्री नीट पाहिल्याचं मला आठवतच नाही. बांगड्यांचा आवाज तेवढा आठवतो. पुढे वीज आली, माजघरात बल्ब लागला, तेव्हा प्रथमच आम्हाला दिसलं की काकूच्या कपाळावर डाव्या बाजूला एक जुनी खोक आहे. ती कशाची, हे विचारण्याइतका उजेड मात्र आमच्या घरात अजून पडला नव्हता. म्हणून त्या कंदिलाभोवतीच्या रिंगणाविषयी जेव्हा कोणी गहिवरून बोलतं तेव्हा मीही गहिवरतो, पण जरा बेतानेच.

आजी तशी प्रेमळ. फक्त तेलाच्या बाबतीत ती सावकाराची सख्खी बहीण होती. "वात खाली कर रे, तेल काय आभाळातून पडतंय?" हे वाक्य ती दिवसातून, म्हणजे रात्रीतून, दहा वेळा तरी म्हणे. पुढे वीज आल्यावरही ती बल्बाकडे पाहून "वात खाली करा" म्हणत असे. कंदिलाची वात किती वर ठेवायची हे घरात फक्त तीच ठरवी. आजीचं हे तेलाचं वेड लक्षात ठेवा. पुढे त्याचं काम आहे.

आता या घासलेटाचा थोडा इतिहास. लव्हिव या शहरातला इग्नासी लुकासिएविच नावाचा औषधविक्या जमिनीतून निघणाऱ्या तेलावर खटपट करत होता. त्याच्या घासलेटच्या दिव्याने ३१ जुलै १८५३ रोजी तिथल्या इस्पितळात रात्री एक शस्त्रक्रिया झाली, आणि हा दिवा जगभर गाजला. आपल्याकडे तो आला तेव्हा 'रॉक ऑइल'चं रॉकेल झालं, आणि 'गॅसलाइट'चं घासलेट झालं म्हणतात. इंग्रज गेले, त्यांचे शब्द आम्ही असे घासूनपुसून ठेवून घेतले.

समई आणि कंदील यांत एक मोठा फरक होता, आणि तो उजेडाचा नव्हता. समई जागची हलत नसे. माणसांनी तिच्याकडे जायचं. कंदिलाला कडी होती. तो माणसाबरोबर जाऊ शकत होता. कोणी गोठ्यात जायला निघालं की कंदील उचलला जाई, आणि मागे राहिलेलं सगळं घर अंधारात गप्प बसे. गोष्ट अर्धी राही, भूत अर्धं राही. एकाच्या सोयीसाठी दिवा उठला की बाकीच्यांची बैठक मोडते हा धडा मी कंदिलाकडून शिकलो. कंदिलाची काच राखेने घासून कागदाने पुसायचं काम पोरांकडे असे, कारण त्या काचेत फक्त पोरांचा हात जाई. हात मोठा झाला की बढती मिळे. माझा हात लवकर मोठा झाला आणि काच फुटली. आजी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

श्रीमंतांच्या घरी याच्या कितीतरी आधी गॅस आला होता. मुंबईचे जहाजबांधणीतले तज्ज्ञ अर्देशीर कर्सेटजी वाडिया यांनी १८३४च्या सुमारास माझगावातला आपला बंगला गॅसच्या दिव्यांनी उजळून टाकला, आणि तो पाहायला खुद्द गव्हर्नरसाहेब गेले. म्हणजे घरातला दिवा हा उजेडासाठी नसून लोकांना बोलावण्यासाठी असतो हे मुंबईकरांना तेव्हाच कळलेलं होतं. आमच्या चौदा दिव्यांना अजून गव्हर्नर सोडा, सोसायटीचे सेक्रेटरीही आलेले नाहीत. मुंबईच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले ते १८६५च्या ऑक्टोबरात. दिवे लावणारे एका खांबावरून दुसऱ्या खांबाकडे जात आणि त्यांच्यामागून बघ्यांची गर्दी चालत असे.

रस्त्यावरच्या या दिव्यांनी पुढच्या पिढ्यांतल्या मुलांचा फार छळ केला. "ईश्वरचंद्र विद्यासागर रस्त्यावरच्या गॅसच्या दिव्याखाली अभ्यास करून मोठे झाले, आणि तुला घरात बल्ब असून भूमिती येत नाही!" हे वाक्य अण्णांनी मला किती वेळा ऐकवलं असेल याची गणती नाही. परवा इतिहासात शिरलो तेव्हा मी सूड घेतला. कलकत्त्याच्या रस्त्यांवर गॅसचे दिवे लागले १८५७ साली, आणि विद्यासागरांचं शिक्षण संपलं १८४१ साली! म्हणजे दिवा असलाच तर तो तेलाचा असला पाहिजे. हा शोध सांगायला आता अण्णा नाहीत. असते तरी म्हणाले असते, "गॅस नसताना शिकले ना? मग तर तुला आणखीच लाज वाटली पाहिजे."

घरात न मावणाऱ्या माणसांसाठी गॅसबत्ती आली. जर्मनीत १९१०च्या सुमारास निघालेली ही पेट्रोमॅक्स आपल्याकडे लग्नांची, कीर्तनांची आणि निवडणुकीच्या सभांची मालकीण झाली. तिला पंप मारणाऱ्या माणसाचा रुबाब आजच्या सर्जनला येणार नाही. पंप मारताना भोवती सगळं गाव श्वास रोखून उभं. जाळी भक् करून पेटली की सुटकेचा नि:श्वास. कंदिलाभोवती आठ माणसं बसत, गॅसबत्तीखाली दोनशे. पण तिच्याखाली कुजबुज करता येत नसे. एक तर ती स्वत:च सू सू करत असे, आणि दुसरं म्हणजे सगळ्यांना सगळे दिसत. म्हणून गॅसबत्तीखाली माणसं भाषण करत आणि कंदिलाखाली बोलत.

वरातीत ही गॅसबत्ती डोक्यावर घेऊन चालणारी माणसं असत. दोन्ही बाजूंना रांगेने. घोड्यावरचा नवरदेव, त्याचा फेटा, करवलीचा शालू, सासऱ्याच्या कपाळावरची आठी, सगळं त्या उजेडात लखलखे. ज्यांच्या डोक्यावर हा उजेड होता त्यांचे चेहरे मात्र कधी कोणी पाहिले नाहीत, कारण ते बरोबर दिव्याखाली होते. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण आपण पुढाऱ्यांना आणि मास्तरांच्या मुलांना लावतो. ती खरी कोणाला लागू होती हे वरातीत नाचताना आम्हाला कधी सुचलं नाही.

मग वीज. मुंबईत १८८२ साली क्रॉफर्ड मार्केटात विजेचे दिवे लागले, म्हणजे मुंबईत माणसांच्या घरांआधी वांग्याबटाट्यांना वीज मिळाली. १९०५ साली घरोघर वीज पुरवणारी कंपनी निघाली, १९१५ साली खोपोलीचं पाणी टाटांच्या यंत्रांवर पडून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली, आणि कालांतराने ती आमच्या गिरगावातल्या चाळीच्या दहा बाय बाराच्या खोलीत येऊन पंचवीस वॉटच्या बल्बात दमून बसली. खोली एक, बल्ब एक, माणसं सात. त्यामुळे उजेड हा घरातला राजकीय प्रश्न होता. मला अभ्यास करायचा, आजारी आत्याला झोपायचं, आईला तांदूळ निवडायचे. मग वर्तमानपत्राचा कागद बल्बला एका बाजूने गुंडाळला जाई. अर्ध्या खोलीत रात्र आणि अर्ध्या खोलीत भूमिती. सीमारेषा आत्याच्या पायांवरून जात असे, आणि तिने कूस बदलली की तंटा उद्भवे.

पहिल्या मजल्यावरच्या एका काकांकडे मात्र शंभरचा बल्ब होता. तो रोज लावत नसत. तो चाळीचा सार्वजनिक बल्ब होता, आणि मुलगी दाखवण्याच्या दिवशी मफलरमध्ये गुंडाळून घरोघर जात असे. तो लावावा की नाही यावर बायकांत दोन पक्ष होते. मुलगी उजळ असेल तर शंभरचा, सावळी असेल तर घरचाच पंचवीसचा, असं एक मत. दुसरं मत असं, की पंचवीसचा लावला की मुलाकडच्यांना संशय येतो आणि ते पोहे खाऊन दुपारी पुन्हा यायचं म्हणतात. त्या एका बल्बाखाली आमच्या चाळीतली सात लग्नं जमली. आठव्या वेळी पाहुणे बसलेले असतानाच तो उडाला, आणि ते स्थळही. पुढे ट्यूब आली. ट्यूबच्या उजेडात तांबडा रंग कमी, त्यामुळे तिच्याखाली सगळी माणसं कालच तापातून उठल्यासारखी दिसत. माझं लग्न ट्यूबखाली ठरलं. "ट्यूब होती म्हणून मला वाटलं, मुलगा गंभीर आहे," असं सौ. अजून म्हणते.

दिव्याने माणसं बदलतात का, हे शास्त्रज्ञांनीही तपासून पाहिलं आहे. शिकागोजवळच्या हॉथॉर्न इथल्या टेलिफोनच्या कारखान्यात १९२४ ते १९२७ या काळात उजेड वाढवला की काम किती वाढतं याचे प्रयोग झाले. उजेड वाढवला, काम वाढलं. सगळे खूष. मग उजेड कमी केला, तरीही काम वाढलं. एका चाचणीत तर दोघीजणी चांदण्याएवढ्या उजेडात काम करत होत्या आणि तरीही मागे पडल्या नाहीत. शास्त्रज्ञ बुचकळ्यात पडले. शेवटी बऱ्याच जणांनी असा अर्थ लावला, की परिणाम दिव्याचा नव्हता. आपल्याकडे कोणीतरी लक्ष देतंय याचा होता. आमच्या चाळीत हे सगळ्यांना ठाऊक होतं. गॅलरीतल्या दिव्याखाली पोरं अभ्यास करत ती दिव्यामुळे नव्हे, समोरच्या खिडकीमुळे.

याची दुसरी बाजू २०१० साली अमेरिका-कॅनडातल्या काही संशोधकांनी दाखवली. थोड्या मंद उजेडाच्या खोलीत बसवलेल्या लोकांनी लख्ख खोलीतल्यांपेक्षा जास्त लबाडी केली, आपले गुण फुगवून सांगून जादा पैसे घेतले. गंमत म्हणजे अंधार एवढा नव्हताच, की कोण काय करतंय ते दिसू नये. पण उजेड कमी झाला की माणसाला उगाचच वाटतं, आपण कोणाला दिसत नाही. आमच्या गॅलरीतला बल्ब दर महिन्याला चोरीला जाई. चोर आधी बल्ब काढत असे आणि मग त्याला अंधारामुळे चोरीची बुद्धी होत असे, असं काहीतरी ते शास्त्र असावं.

पण अंधारात माणूस फक्त लबाडीच करतो असं नाही. हे मला कळलं १९७१च्या डिसेंबरात.

३ डिसेंबरच्या संध्याकाळी युद्ध सुरू झालं आणि मुंबईत ब्लॅकआऊट आला. खिडक्यांच्या काचांना काळे कागद, मोटारींच्या दिव्यांना वरून अर्धा काळा रंग, रस्त्यावरचे दिवे बंद. कोणाच्या फटीतून उजेडाची रेघ दिसली तरी खालून स्वयंसेवक ओरडत, "तिसरा मजला, लाइट बंद करा!" स्वयंसेवकांत आमच्या इयत्तेतली पोरंही होती, आणि ज्या मास्तरांनी वर्षभर अंगठे धरायला लावले त्यांच्या खिडकीवर त्यांचा विशेष डोळा असे.

मी तेव्हा अकरावीत होतो. मार्चमध्ये एस.एस.सी. सहामाहीत भूमितीने आणि इंग्रजीने मला धुळीला मिळवलं होतं, आणि ते प्रगतिपुस्तक अण्णांनी सही न करता कपाटावर ठेवून दिलं होतं. तीन आठवडे आमच्यात आवश्यक तेवढंच बोलणं चाललं होतं, म्हणजे ते विचारत आणि मी मान हलवत असे. बल्बाच्या उजेडात अण्णांकडे बघायची माझी छाती नव्हती, आणि माझ्याकडे बघायची त्यांची इच्छा नव्हती.

एका रात्री भोंगा झाला. दिवे गेले. सगळी चाळ गॅलरीत येऊन बसली. कोणालाच कोणी दिसत नव्हतं. आणि काय चमत्कार! वर्षानुवर्षं नळावरून अबोला धरलेल्या दोन काकू एकमेकींना शेजारीण समजून, म्हणजे त्या होत्याच शेजारणी, पण दुसरीच शेजारीण समजून, अर्धा तास लोणच्याविषयी बोलल्या. कळल्यावर दोघींनाही मागे फिरता येईना. कोणीतरी हलकेच गाणं म्हणत होतं; उजेडात त्या गृहस्थांनी कधी तोंड उघडल्याचं आम्हाला माहीत नव्हतं.

मी कठड्याला टेकून बसलो होतो. शेजारी कोणीतरी येऊन बसलं. तपकिरीच्या वासावरून कळलं, अण्णा. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मी मॅट्रिकला एकदा नापास झालो होतो. इंग्रजीत."

मी गप्प. विद्यासागरांचा हा भक्त नापास झाला होता, ही बातमी पचायला वेळ लागत होता.

"निकाल कळला आणि मी घरी गेलोच नाही. रत्नागिरीहून निघालो तो मधेच एका देवळात राहिलो. तीन दिवस. जीव द्यावा असंही मनात आलं. पण भूक लागली. तिसऱ्या रात्री चालत गावाकडे निघालो. मध्यरात्र असेल. सड्यावरून खाली पाहिलं तर सगळा गाव काळाकुट्ट, आणि एकच दिवा. आपल्या ओटीवरचा. तुझ्या आजीने तीन रात्री कंदील जळत ठेवला होता. वात मोठी करून."

मी म्हटलं, "आजीने?"

"हो. आजीने."

"मग? काय म्हणाली?"

"काही नाही. हातपाय धू, जेवायला बस, म्हणाली. आणि वात खाली केली."

दूर कुठेतरी शिट्टी वाजली. अण्णांनी माझ्या गुडघ्यावर हात ठेवला असावा. असावा म्हणतो, कारण दिसत नव्हतं. भोंगा झाला, धोका टळल्याचा. लोक हळूहळू उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी कपाटावर प्रगतिपुस्तक होतं, सही केलेलं. अण्णांनी पुन्हा तो विषय आयुष्यात काढला नाही. संध्याकाळी बल्ब लागल्याबरोबर मला विद्यासागरांचं उदाहरण दिलं. पण त्यानंतर मला त्या उदाहरणाची भीती वाटेनाशी झाली.

दोन वर्षांनी, १९७३ साली, अमेरिकेत केनेथ गर्गेन यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही अनोळखी तरुण-तरुणींना पूर्ण अंधाऱ्या खोलीत तासभर बसवल्याचा प्रयोग प्रसिद्ध केला. उजेडाच्या खोलीतले लोक जागच्या जागी बसून एकमेकांशी अखंड वरवरचं बोलत राहिले. अंधारातले आधी चाचपडले, मग त्यांची बडबड मंदावली, मग ते मनातलं बोलू लागले. बऱ्याच जणांनी एकमेकांना स्पर्श केला, काहींनी मिठ्या मारल्या. वाचून मला नवल वाटलं नाही. आमच्या गॅलरीत हे खर्चाशिवाय होऊन गेलं होतं. आमच्याकडे फक्त मिठी मारायची पद्धत नव्हती, म्हणून लोणचं दिलं गेलं.

ब्लॅकआऊट पंधरवड्यात संपला, आणि पुढच्याच वर्षी, २ ऑक्टोबर १९७२ रोजी, मुंबईत दूरदर्शन सुरू झालं. माझ्या मते आमच्या घरातल्या उजेडाच्या इतिहासातला हा सगळ्यांत मोठा दिवस. टीव्ही हा दिवा आहे हे आपल्या लक्षात येत नाही. कंदिलाभोवती माणसं गोल बसत, एकमेकांची तोंडं बघत. टीव्हीपुढे ती रांगेत बसू लागली, सगळी तोंडं एकाच दिशेला. घर तेच, माणसं तीच, गर्दी तर दुप्पट, कारण टीव्ही चाळीत एकच. पण आता शेजारच्याची मान तेवढी दिसे. आणि अलीकडे प्रत्येकाच्या हातात ज्याचा त्याचा दिवा आला. चारजण अंधारात बसले तरी चौघांचे चेहरे खालून उजळलेले, आणि एकाचाही उजेड दुसऱ्याच्या उपयोगी नाही.

दिव्याचा खर्चही आता राहिला नाही. निळ्या एलईडीच्या शोधाला २०१४ साली नोबेल पारितोषिक मिळालं, २०१५ साली सरकारने स्वस्त एलईडी दिवे घरोघर पोचवायची योजना काढली, आणि नऊ वॉटमध्ये साठ वॉटचा उजेड पडू लागला. वीज वाचली, हे उत्तमच झालं. पण "दिवा कोणी चालू ठेवला?" ही गर्जना करण्याचा बापाचा वंशपरंपरागत हक्क गेला. परवा मी ती केली, तर चिरंजीवांनी मला हिशेब करून दाखवला की तो दिवा रात्रभर जळाला तरी रुपयाही लागत नाही. आजी असती तर तिने त्याच्यावर विश्वास ठेवला नसता.

मागच्या पावसाळ्यात एका रात्री सोसायटीचा ट्रान्सफॉर्मर उडाला. चौदाच्या चौदा दिवे, स्वयंपाकघरातले सहा, रिमोट, मूड, सगळं एकदम मालवलं. सौ. आणि सूनबाई कुठल्याशा लग्नाला गेल्या होत्या. मेणबत्ती सापडेना, कारण नूतनीकरणात तिची जागाही नूतन झाली होती. मी सोफ्यावर बसून राहिलो. थोड्या वेळाने चिरंजीव चाचपडत आले. फोनची बॅटरी संपली होती. समोरच्या खुर्चीवर बसले. पावसाचा आवाज तेवढा.

"बाबा, जागे आहात?"

"हो रे."

मग बराच वेळ काही नाही. मग म्हणाला, "मला कंपनीने जायला सांगितलंय. महिना झाला. घरी कोणाला बोललो नाही."

महिनाभर हा मुलगा रोज सकाळी बॅग घेऊन बाहेर पडत होता, आणि संध्याकाळी चौदा दिव्यांखालून माझ्यासमोरून आत जात होता. मला काही दिसलं नव्हतं.

मी म्हटलं, "तुझे आजोबा मॅट्रिकला एकदा नापास झाले होते. तुला माहीत आहे?"

"आजोबा? शक्यच नाही!"

मग मी त्याला सड्याची, ओटीवरच्या कंदिलाची गोष्ट सांगितली. वात खाली केली इथपर्यंत आलो आणि तेवढ्यात वीज आली. सगळे दिवे एकदम डोळ्यांवर. आम्ही दोघंही एखादी चोरी करताना सापडल्यासारखे एकमेकांकडे पाहू लागलो. त्याने डोळे पुसले ते उजेडामुळे असं मी समजलो, आणि माझ्याबद्दल त्यानेही तसंच समजावं अशी माझी इच्छा होती. तो उठायला लागला.

मी म्हटलं, "बस जरा." आणि रिमोट शोधू लागलो. चष्मा नव्हता. कुठलं बटण कसलं ते कळेना. दिवे आधी निळे झाले, मग जांभळे, मग लग्नाच्या हॉलसारखे लुकलुकायला लागले. शेवटी तोच हसून म्हणाला, "द्या इकडे." त्याने तेरा दिवे बंद केले. कोपऱ्यातला एक ठेवला, आणि त्याचीही वात जरा खाली केली.